चौथ्या सीडीचा बुक्का

दौलतसिंहांच्या उजव्या अंगठ्याला मान होता. मान घराण्याला असतो, पदाला असतो, लग्नात तर जावयाला आणि मामाला इतका असतो की विचारू नका. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या राममंदिरात, कीर्तनाच्या वेळी, एका अंगठ्याला मान होता आणि तो अंगठा दौलतसिंहांचा होता.

रमाकांतबुवांचा पूर्वरंग संपला, गजर टिपेला पोचला, की दौलतसिंह पहिल्या रांगेतून उठायचे. धोतराच्या कनवटीला खोचलेली पितळी डबी उघडायचे, अंगठा बुक्क्यात बुडवायचे आणि बुवांच्या दोन भुवयांच्या मधोमध टेकवून असा ठाम वर ओढायचे की बुवांची मान इंचभर मागे जायची. मग गळ्यात झेंडूचा हार. मग डोळे मिटून, हात जोडून नमस्कार. तो नमस्कार चांगला मिनिटभर चालायचा, कारण रोडवेजमध्ये तीस वर्षं डेपो मॅनेजरी केलेल्या माणसाकडे देवाला सांगण्यासारखं बरंच साठलेलं असतं. एवढं झाल्यावरच उत्तररंग उभा राहायचा. एका वर्षी दौलतसिंहांना ताप आला, तर बुवांनी गजर अर्धा तास लांबवला आणि टेम्पो पाठवून अंगठा मागवला. अंगठ्याबरोबर घोंगडीत गुंडाळलेले दौलतसिंहही आले.

बुवांनंतर तबलजीला बुक्का, आणि शेवटी पेटीवाल्याला. पेटीवर मधुसूदन. त्याच्यापर्यंत अंगठा पोचेपोचेतो बुवांनी आख्यानाचं पहिलं पद उचललेलं असायचं, मधूची बोटं पट्ट्यांवर धावायला लागलेली असायची आणि तो मान न वळवताच म्हणायचा, "नंतर, नंतर."

ते नंतर बावीस वर्षांत आलं नव्हतं. देवळातून बाहेर पडताना सगळ्यांची कपाळं काळी आणि मधूचं कोरं. "कीर्तनात असूनही कीर्तनाबाहेरचा," असं दौलतसिंह त्याला चिडवायचे. मधू हसायचा. तो मुळातच कमी बोलायचा. त्याचं जे काही बोलणं, ते पेटीतून.

आणि त्या वर्षी सरकारनं राज्य वाटलं. दिवाळी झाली न झाली तोच मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळा निघाला. जमीन वाटली, जंगलं वाटली, नद्या वाटल्या, आणि मग कचेऱ्यांतली माणसं वाटायला काढली. सिंचन खात्याच्या यादीत मधुसूदनचं नाव रायपूरच्या रकान्यात पडलं. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनची गाडी. बायको, दोन ट्रंका, एक होल्डॉल.

"आणि पेटी?" दौलतसिंहांनी विचारलं होतं.

"पेटी सोडली मी."

"सोडली म्हणजे? ती काय तंबाखू आहे सोडायला?"

"तिथं कोणापुढे वाजवू?"

"अरे, रायपूरला काय मराठी माणसं नाहीत? मंदिर असेल, मंडळ असेल, तिथंही कोणीतरी बुवा असतीलच की!"

"असतील. पण मी काय उठून सांगू त्यांना, की नमस्कार, मला पेटी येते?" मधूनं जमिनीकडे बघत म्हटलं होतं. "मला कधी कुणाला सांगावं नाही लागलं, दौलत. बुवा म्हणाले 'बस', मी बसलो. आता या वयात ते सांगणं माझ्याच्यानं नाही व्हायचं. जाताना पेटी तुझ्याकडे टाकून जाईन. मंडळाला दे, नाहीतर उंदरांना दे."

हे ऐकल्यापासून दौलतसिंहांना जेवण गोड लागेना. मित्र जाणार याचं दुःख होतंच, पण गाडी त्याला घेऊन जाईल तशी आणूनही सोडेल. हात थांबला तर तो परत कोण आणणार? वाद्य सोडलेला वाजवणारा त्यांनी पाहिला होता. त्यांचे स्वतःचे काका. मृदंग माळ्यावर गेला आणि दोन वर्षांत काकाही माळ्यावरच्या सामानासारखे दिसायला लागले.

उपाय काढला पद्मानं. पद्मा म्हणजे मंडळाची चिटणीस, नया बाजारात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत कम्प्यूटरचा क्लास चालवणारी, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्यासारखी. एकादशीचं कीर्तन तिनं कॅसेटवर भरून घेतलं होतं आणि मग कम्प्यूटरमध्ये उतरवलं होतं. तासाभराहून थोडं जास्त, बरोब्बर एका सीडीत बसेल एवढं.

"काका, मधूकाकांनी स्वतःची पेटी कधी ऐकली आहे काय?" ती म्हणाली. "वाजवणाऱ्याला कुठे ऐकू येतं! त्यांना सीडी बनवून देऊ. त्यांच्या मुलीनं त्यांना सीडीवाला टेप घेऊन दिलाच आहे. तिथं एकटे बसून ऐकतील, तर हात आपोआप शिवशिवेल की नाही?"

दौलतसिंहांनी तिच्या डोक्यावर हातच ठेवला. बुद्धी रामाची, फक्त तोंड पद्माचं!

निघायच्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते आंघोळ करून, कनवटीला डबी खोचून, पिशवीत झेंडूचा हार घेऊन क्लासमध्ये हजर झाले. चपला जिन्यातच काढल्या. पद्मानं बाहेरच्या खोलीत कम्प्यूटर लावून ठेवला होता: टेबलावर पडदा, शेजारी स्टुलावर उभा डबा. डब्यात एक खण सरकून बाहेर यायचा आणि त्यात सीडी ठेवायची. जवळ चार कोऱ्या सीड्या. बाजारात तेवढ्याच मिळाल्या होत्या.

"एक पुरेल ना?" दौलतसिंह म्हणाले.

"एकच लागते," पद्मा म्हणाली. भाबडी पोर.

तिनं पहिली सीडी खणात ठेवली, वेग सगळ्यात जास्त लावला आणि दौलतसिंहांच्या करमणुकीसाठी तेच कीर्तन कम्प्यूटरवर वाजायलाही लावलं. बुवांचा आवाज आला, मधूची पेटी आली, दौलतसिंहांनी मांडीवर ताल धरला. तेवढ्यात बुवांना उचकी लागली. मग पेटीला लागली. मग पडद्यावर लाल चौकट आली आणि खणातून सीडी जीभ काढल्यासारखी बाहेर आली.

"गेली," पद्मा म्हणाली.

"कुठे गेली? ही काय, इथेच तर आहे."

"वाया गेली, काका! माझीच चूक. एकदा लिहायला लागलं की आतला लेझर थांबत नाही. त्याला मागून सारखा माल मिळायला पाहिजे. मी त्याच मशीनला गायलाही लावलं, मग लिहायचा माल वेळेवर पोचलाच नाही."

दौलतसिंहांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे पंगतीतला वाढपी. रांग पुढे सरकते आहे आणि ह्याची भाताची बादली रिकामी. पुढची पानं कोरी."

"बरोबर! आणि या पंगतीत मागे येऊन वाढता येत नाही. पान कोरं राहिलं की पंगतच उठली."

"अरेरे," दौलतसिंह मनापासून म्हणाले. पंगत मोडण्याचं पातक त्यांना कळत होतं.

आता पद्मानं मनावर घेतलं. वेग निम्म्यावर आणला. कम्प्यूटरमधली बाकीची सगळी कामं बंद केली. पाच मिनिटांनी पडद्यावर आपोआप मासे पोहायला लागायचे, ते मासेही बंद केले. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आत माझी बॅच आहे. तुम्ही इथे पहारा द्या. कीबोर्डला हात नाही, माउसला हात नाही. आवाज येणार नाही, पण कीर्तन चालू आहे असं समजा. ही निळी पट्टी दिसते? बुवा जसे पुढे जातील तशी ती पुढे सरकेल. पूर्ण भरली, की समाप्ती."

"म्हणजे पट्टी अर्धी झाली की अर्धं कीर्तन?"

"हो."

पद्मा आत गेली. दौलतसिंह पट्टीसमोर मांडी घालून खुर्चीत बसले. पहिली पाच मिनिटं त्यांना चुकल्यासारखं झालं. मग हळूहळू सूर लागला. आता नमन झालं असेल. आता निरूपण. आता बुवांनी तो विहिरीचा दृष्टांत दिला असेल. दौलतसिंह विहिरीपाशी मान डोलवून हसले. पट्टी सरकत होती. पट्टी मधोमध आली.

दौलतसिंह उठले.

त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पूर्वरंग संपला होता. बुवा थांबले असणार. त्यांनी डबी उघडली, अंगठा बुडवला आणि समोर पाहिलं. कीबोर्डला हात लावायचा नव्हता. माउसला लावायचा नव्हता. ते लावणारही नव्हते. कीर्तन चाललं होतं डब्यात. आणि काय रामाची लीला! डब्याच्या तोंडावर, अगदी मधोमध, जिथे माणसाला भुवया असतात तिथे, एक छोटासा गोल उंचवटा होता. टिळ्यासाठीच जागा सोडावी तसा.

दौलतसिंहांनी अंगठा टेकवला आणि ठाम वर ओढला. डब्याला हार घातला. डोळे मिटले, हात जोडले आणि मधूसाठी रामरायाशी मिनिटभर बोलले.

डोळे उघडले तर पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर पळत होती. निळी पट्टी नाहीशी!

"पद्मा! अगं, लाइट गेली!"

पद्मा धावत आली. हार तोवर पिशवीत परत गेला होता. देवाची वस्तू उघड्यावर ठेवू नये. "लाइट कुठे गेली? माझे आतले चार कम्प्यूटर चालू आहेत."

"मग या खोलीची गेली असेल. एक फेज गेला असेल." दौलतसिंहांना विजेतलं एवढंच कळत होतं, पण ते आत्मविश्वासानं कळत होतं. "आता काय, राज्य वाटलं, वीजघरं सगळी तिकडे गेली. आपल्या वाट्याला नुसते खांब."

पद्माला पटलं. त्या दिवसांत ग्वाल्हेरात काहीही बिघडलं की आधी लाइटवर संशय घ्यायची रीतच होती. तिनं आतून जड काळी बॅटरी ओढत आणली, जी लाइट गेली तरी कम्प्यूटर वीस मिनिटं चालवते, आणि तिला सगळ्या तारा जोडल्या.

तिसरी सीडी. पट्टी निघाली. नमन, निरूपण, विहीर. पट्टी मधोमध. अंगठा, हार, नमस्कार. या वेळी दौलतसिंहांनी रामरायाला विजेचंही सांगितलं.

डोळे उघडले. पडदा काळा.

"पद्मा, तुझी बॅटरीही गेली गं!"

आता पद्माच्या तोंडचं पाणी पळालं. बॅटरीवरचा हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. ती खुर्चीत बसली आणि बोटं मोडत बसल्या बसल्या शोध घ्यायला लागली. वेग? कमी केला. सीडी खराब? दोन्ही सारख्या खराब कशा असतील? मशीन तापतं आहे? हात लावून पाहिला, गार होतं. "आणि दोन्ही वेळेस बरोब्बर अर्ध्यावर! काका, असं कसं होऊ शकतं? मशीनला कसं समजतं की अर्धं झालं?"

"मशीनला नाही, कीर्तनाला कळत असेल," दौलतसिंह हळहळले. "मधू जाणार म्हणून बुवांना पुढे गाववत नसेल."

"काका, प्लीज."

दौलतसिंहांनी टेबलावर नजर टाकली. एकच सीडी उरली होती. मधू तीनला गाडीत बसणार, पेटी उंदरांना जाणार, आणि तिकडे परक्या गावात तो संध्याकाळचे हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसणार. हा देखावा त्यांना इतका स्पष्ट दिसला की त्यांनी उपरण्यानं नाक पुसलं.

पद्मानं फडकं घेतलं आणि डबा उघडून आत धूळ आहे का बघायचं ठरवलं. बाहेरून पुसता पुसता तिचा हात थांबला. ती वाकली. आणखी वाकली. डब्याच्या छोट्या गोल उंचवट्यावर काळाभोर ठसा होता आणि त्यातून एक काळी रेघ सरळ वर गेली होती. तिनं बोट लावलं, वास घेतला.

"काका, हे काय आहे?"

"बुक्का."

"कुणी लावला?"

"म्हणजे? मीच. दुसरं कोण लावणार? मान आहे आपला."

"कधी?"

"पूर्वरंग संपल्यावर. पट्टी अर्धी झाल्यावर." आणि मग, तिचा चेहरा बघून, घाईनं, "कीबोर्डला हात नाही लावला हं! माउसलाही नाही. अंगठा नुसता ह्याच्या कपाळाला..."

पद्मानं आपलं बोट त्या कपाळावर टेकवलं आणि दाबलं. टक असा आवाज झाला. पडदा काळा झाला. पांढरी अक्षरं पळायला लागली.

"हे कपाळ नाही, काका," ती म्हणाली. "हे बटण आहे. कम्प्यूटर अडकला की झटक्यात बंद करून पुन्हा चालू करायचं बटण."

मग पद्माच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला, उकळीला आलेल्या किटलीसारखा, आणि ती हसत हसत खुर्चीवरून थेट जमिनीवर बसली. "फेज गेला!" ती म्हणाली आणि पुन्हा हसली. "बॅटरीही गेली गं!" आतल्या खोलीतून कुणीतरी डोकावून पाहिलं आणि परत गेलं. "काका, मला सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? माणूस सांगतो का, की मी आता श्वास घेतला?" दौलतसिंह कानशिलांपर्यंत लाल झाले होते. एवढा मोठा डेपो चालवलेला माणूस, आणि मित्राची पंगत त्यानंच दोनदा उठवली! "मीच मोडलं सगळं. माझा हा अंगठा कापून टाकायला हवा."

"कापू नका, पेन्शन त्याच अंगठ्यावर मिळत असेल," पद्मा डोळे पुसत उठली. "चला, एक सीडी आहे. या वेळेस रिस्क नको."

तिनं डब्याच्या कपाळावर काड्यापेटीचं आतलं खोकं उपडं ठेवून चिकटपट्टीनं पक्कं बसवलं. वेग आणखी निम्मा केला. कीर्तनाला लागला तेवढाच वेळ लागेल, पण घास घास शांतपणे जाईल. चौथी सीडी दोन बोटांत कडेनं धरून दिव्यासमोर फिरवून पाहिली, फुंकर न मारता मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली. बॅचची मुलं निघून गेली, तेव्हा ती स्वतःही खुर्ची ओढून शेजारी बसली. सव्वाबाराला पट्टी निघाली.

दौलतसिंहांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. विहिरीचा दृष्टांत आला, पण या वेळी त्यांना हसू आलं नाही. पट्टी मध्याकडे सरकायला लागली तशी त्यांच्या कपाळावर घाम आला.

"पद्मा."

"नाही."

"अगं, मी काही बोललो का?"

"बुक्का लावायचा नाही, काका."

"बटणावर नाही लावत. बाजूला, पत्र्यावर. नुसता टेकवतो."

"मशीन हललं तरी सीडी जाईल."

"मग बुवांना काय सांगू? ते थांबलेत तिथे!" दौलतसिंहांचा आवाज चिरका झाला. "बुक्क्याशिवाय उत्तररंग उभा राहत नाही, पोरी. तुझं मशीन बिघडणार नाही, पण ते कीर्तन नुसतं ऐकायचं होऊन बसेल. मधूला मी असलं कोरडं कसं देऊ?"

बोलता बोलता मांडीखालचा हात केव्हा निघाला, डबी केव्हा उघडली आणि अंगठा केव्हा बुडाला, हे त्यांना कळलंच नाही. पाहतात तो अंगठा काळा, आणि पट्टी मध्यापासून दोन बोटांवर. आता तर पंचाईत झाली. मानासाठी घेतलेला बुक्का पुन्हा डबीत जात नाही, आणि तो फडक्याला पुसायचा हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. दौलतसिंह अंगठा हवेत उभा धरून, अंगठ्याकडे बघत, खोलीच्या मधोमध उभे राहिले.

जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला. दारात मधुसूदन उभा होता. प्रवासाचा कोट अंगात, काखेत चादरीत बांधलेली पेटी.

"तुझ्या घरी गेलो होतो," तो म्हणाला. "सुमनवहिनी म्हणाल्या इथे आहेस. बायको सामान घेऊन स्टेशनवर गेली. ही घे." त्यानं पेटी खाली ठेवली आणि मग त्याला तो अंगठा दिसला. "दौलत, हे काय?"

"श्श!" पद्मा म्हणाली. "पाय वाजवू नका, मधूकाका. एकादशीचं कीर्तन चालू आहे."

मधूनं कान दिला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. बाकी काहीच ऐकू आलं नाही.

"तुझ्यासाठी सीडी करतो आहोत," दौलतसिंह कुजबुजत भडाभडा बोलायला लागले. "तीन गेल्या, त्यातल्या दोन मी घालवल्या, डब्याच्या कपाळाला बुक्का लावला तर ते बटण निघालं, आता ही शेवटची, आणि बघ, पट्टी अर्धी होत आली, बुवा थांबलेत, आणि लावू कुठे? सांग, लावू कुठे?"

मधूनं एकदा पट्टीकडे पाहिलं. मग काड्यापेटी चिकटवलेल्या डब्याकडे. मग बावीस वर्षांच्या त्या काळ्या अंगठ्याकडे. पुढे येऊन त्यानं टोपी काढली आणि मान थोडी वाकवली.

"मला राहिलाय," तो म्हणाला.

दौलतसिंहांना पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. अंगठ्यानं आपलं काम चुकवलं नाही. भुवयांच्या मधोमध टेकला आणि ठाम वर ओढला गेला. मधूची मान इंचभर मागे गेली. पद्मानं पिशवीतून हार काढून दिला. तो दोनदा वापरलेला आणि थोडा मलूल होता, पण मधूच्या कोटावर भलताच शोभला. दौलतसिंहांनी डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडायची त्यांना भीती वाटत होती.

"पुढे गेली," पद्मा हळूच म्हणाली. "काका, अर्ध्याच्या पुढे गेली!"

तिघंही पट्टीकडे बघत राहिले. हसता येईना, ओरडता येईना, उडी मारावी तर स्टूल हलायचं. दौलतसिंहांनी उपरणं तोंडात कोंबलं. आणि मग मधू पुटपुटला, "आता बुवांनी आख्यान उचललं," आणि त्याची उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली.

"टेबल नको!" पद्मा किंचाळली, तीही कुजबुजतच.

दौलतसिंह झटकन मधूच्या पुढ्यात पाठ करून जमिनीवर बसले. "इथे वाजव."

आणि मधू वाजवायला लागला. दौलतसिंहांच्या रुंद पाठीवर, उजव्या खांद्यापासून डाव्या खांद्यापर्यंत, सगळा उत्तररंग. आवाज काही नाही. पण कुठे पद आलं, कुठे साकी आली, कुठे बुवा थांबून लोकांना हसवत होते, हे दौलतसिंहांना मणक्यामणक्यातून कळत होतं. मधे एकदा गुदगुल्या झाल्या. त्या त्यांनी रामनाम घेऊन सोसल्या. पेटी अशी वाजते हे त्यांना बावीस वर्षांत माहीतच नव्हतं. ऐकताना आपण बुवांकडे बघत असतो. ह्याच्याकडे कोण बघतं?

शेवटच्या आरतीला पट्टी भरली. खण सरकला. सीडी बाहेर आली, ताज्या पोळीसारखी कोमट.

पद्मानं ती दुसऱ्या कम्प्यूटरमध्ये घालून थेट मध्यावर वाजवून पाहिली. आधी गजर, मग पावलं, मग दौलतसिंहांचा ठणठणीत आवाज, "थांबा बुवा, आधी बुक्का!" मग पहिलं पद, त्याच्या मागोमाग पेटी, आणि पेटीच्या अगदी जवळून, बारीक, "नंतर, नंतर."

मधू उभ्याउभ्या ऐकत राहिला. "मी इतकं बरं वाजवतो?" त्यानं विचारलं. खरंच विचारलं.

"नाही, ते मशीनच करतं," पद्मा म्हणाली.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. दोन वाजून गेले होते. तिघं जिना उतरले, टेम्पोत कोंबले गेले, फूलबागेपाशी एक वरात आडवी आली, तिला दौलतसिंहांनी डेपो मॅनेजरच्या आवाजात बाजूला काढलं. स्टेशनवर मधूची बायको फलाटावर ट्रंकेवर बसून दोन्ही बाजूंना माना वळवत होती. तिनं आधी नवऱ्याचं काळं कपाळ पाहिलं, मग गळ्यातला हार, मग काखेतलं गाठोडं.

"अहो, पेटी ठेवून येणार होतात ना?"

"हिला कुठे ठेवू?" मधू डब्यात चढत म्हणाला. "रायपूरला गेल्यावर मंडळ शोधायला लागेल. तू विचारशील का कुणाला? मला नाही जमायचं."

"मी विचारीन की! त्यात काय आहे?" ती म्हणाली. बावीस वर्षांत तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं.

गाडीनं शिट्टी दिली, गाडी हलली, हात हलले, पद्मानं डोळे पुसले, आणि दौलतसिंहांनी रुमालासाठी खिशात हात घातला. हाताला कागदी पाकिटातलं काहीतरी पातळ, गोल लागलं.

"राम राम राम! सीडी!"

पासष्टाव्या वर्षी, एका हातानं धोतर सावरत दौलतसिंह फलाटावरून असे धावले की हमालांनी वाट करून दिली. खिडकीतून मधूचा हात बाहेर आला. बोटांना बोटं लागली, पाकीट गेलं, आणि गाडी पुढे निघाली. मधू पाकीट हलवत काहीतरी ओरडत होता. त्या पांढऱ्या पाकिटावर मधोमध काळ्या अंगठ्याचा ठसा लांबूनही दिसत होता.

दौलतसिंह बाकावर टेकले. पद्मा मागून आली.

"पद्मा," धापा टाकत ते म्हणाले, "अशीच एक माझ्यासाठी काढशील?"

"काढीन की. सीड्या आल्या की लगेच. पण तुम्ही घरी बसायचं."

"बसतो," दौलतसिंह म्हणाले. उठून चार पावलं चालले आणि थांबले. "आणि अर्ध्यावर आली, की मला फोन कर."